व्हर्सायचा गुलाब, व्हर्सायच्याच भाषेत

रियोको इकेदा यांची ‘ला रोझ द व्हर्साय’ ही जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, फ्रेंचमध्ये वाचायला घेणार असाल तर आधी मनगटं शाबूत आहेत ना बघा. काना या प्रकाशनाने २००२ मध्ये मुख्य कथा दोनच खंडांत बसवली आणि एकेक खंड हजाराच्या आसपास पानांचा झाला. एरवीची मांगा पिशवीच्या कप्प्यात मावते, लोकलमध्ये उभ्याने वाचून होते. हा ठोकळा मांडीवर उशी आणि उशीवर पुस्तक अशा थाटात वाचायचा.

गोष्ट थोडक्यात. जनरल द जार्जे यांना सहावीही मुलगीच झाली, तेव्हा वैतागून त्यांनी तिचं नाव ऑस्कर ठेवलं आणि तिला मुलगा म्हणून वाढवलं. ती मोठी होऊन राजघराण्याच्या रक्षकदलाची अधिकारी होते. दाईचा नातू आंद्रे तिच्याबरोबर लहानाचा मोठा झालेला, तिच्यावर जीव टाकणारा. ऑस्करचं मन मात्र स्वीडनहून आलेल्या फर्सनकडे, आणि फर्सन गुंतलाय राणी मारी आंत्वानेतमध्ये. हा चौघांचा गुंता सरळ १७८९ च्या क्रांतीवर जाऊन आदळतो. जपानमध्ये हे सगळं १९७२-७३ मध्ये ‘मार्गारेट’ या मुलींच्या साप्ताहिकात ८२ भागांत आलं. गुलाबपाकळ्या, विजा, द्वंद्वयुद्धं, विषाचा पेला, क्षयाचा खोकला, डोळ्यांत मावत नाहीत इतके तारे: मेलोड्रामाच्या दुकानातला एकही माल फळीवर शिल्लक ठेवलेला नाही. ज्यांना हे ‘अती’ वाटतं त्यांनी पहिल्या पन्नास पानांतच निरोप घ्यावा, पुढे आवाज वाढतच जातो.

इंग्रजीत उडॉनने २०२० पासून पाच पुठ्ठाबांधणीचे खंड काढले आहेत. नुसती गोष्ट हवी असेल तर तेच घ्या. पण फ्रेंच बी-वनच्या, म्हणजे शिकण्याच्या मधल्या पातळीच्या, आसपास पोचलं असेल तर ही कथा फ्रेंचमध्येच वाचावी, आणि त्याचं कारण देशाभिमान वगैरे नाही. इंग्रजीच्या ‘यू’ने राणी, दाई, शिपाई आणि प्रियकर सगळ्यांना एकाच पंगतीला बसवलं. फ्रेंचमध्ये ‘त्यु’ आणि ‘वू’ अशा दोन पंगती आहेत. हा ‘त्यु’ म्हणजे आपल्या ‘तू’चाच लांबचा भाऊबंद. मराठी वाचकाला याचं व्याकरण कुणी शिकवायला लागत नाही. ‘अहो’वरून ‘अरे’वर येणं म्हणजे काय आणि ते चारचौघांत झालं तर काय, हे आपल्याला घरातच कळलेलं असतं. उलट आपल्याकडे ‘आपण’ ही तिसरी पायरीही आहे, त्यामुळे फ्रेंच ‘वू’ वाचताना तो ‘तुम्ही’ आहे की ‘आपण’ हे दर वेळी मनात ठरवत जावं लागतं. हे ठरवण्यातच अर्धी मजा.

व्यवहाराचं सांगायचं तर खंडाच्या सुरुवातीलाच एक कागद घालून ठेवा. डावीकडे बोलणारा, उजवीकडे ऐकणारा, पुढे ‘त्यु’ की ‘वू’, आणि जिथे बदल होईल तिथला पान क्रमांक. ऑस्कर, आंद्रे, फर्सन, राणी, जनरल, रोझाली आणि नंतर येणारा शिपाई आलँ, एवढे सातजण पुरतात. प्रेमकथेतला खरा धक्का पुष्कळदा शब्दांत नसून सर्वनामात असतो. मात्र ‘वू’ म्हणजे लगेच दुरावा समजू नका. त्या काळच्या सरदार घराण्यांत नवरा-बायकोही एकमेकांना ‘वू’च म्हणत.

आणखी एक खड्डा. ‘व्होत्र माजेस्ते’, म्हणजे ‘महाराज’ किंवा ‘महाराणी’, असं संबोधून बोलताना पुढचं क्रियापद तृतीयपुरुषी होऊ शकतं आणि सर्वनाम येतं ‘एल’, म्हणजे ‘ती’. समोर सोळावा लुई बसलेला असला तरी ‘ती’च, कारण ‘माजेस्ते’ हा शब्द स्त्रीलिंगी. नवखा वाचक इथे दोन चौकटी मागे जाऊन कोण बाई बोलतेय ते शोधत बसतो. कुणी बाई नसते. ‘सरकारांची इच्छा असेल तर’ यासारखीच ती रचना आहे.

भाषा घरी परत आल्यावर काय होतं हे पाहायचं तर पहिल्या खंडातला द्यु बारीचा प्रसंग घ्या. पंधराव्या लुईची ठेवलेली बाई म्हणजे मादाम द्यु बारी. दरबाराचा नियम असा की वरच्या दर्जाच्या व्यक्तीने आधी बोलायचं, खालच्याने तोंड उघडायचं नाही. भावी राणी मारी आंत्वानेत तिच्याशी बोलायलाच तयार नाही. इकडून ऑस्ट्रियाच्या राजदूताचा दबाव, तिकडून व्हिएन्नाहून आईची खरमरीत पत्रं. शेवटी १ जानेवारी १७७२ ला तिने एकच वाक्य टाकलं, आणि ते इतिहासात नोंदलेलं आहे: ‘इल इ आ ब्याँ द्यु मोंद ओझुर्द्वी आ व्हर्साय.’ आज व्हर्सायला बरीच माणसं दिसतायत.

हे वाक्य निरखून बघा. कर्ता ‘इल’, पण तो पावसाच्या ‘इल’सारखा, कुणाचाच नाही. ‘मादाम’ नाही, ‘वू’ नाही, प्रश्न नाही. बोलल्याचं कर्तव्य पार पडलं आणि समोरच्या बाईला एक अक्षरही दिलं गेलं नाही. इकेदा या नऊ शब्दांसाठी सगळा दरबार श्वास रोखून उभा करतात आणि नंतर त्या पोरीचा पराभव तिच्या रडण्यातून दाखवतात. कुठल्याही अनुवादात हे वाक्य हवापाण्याच्या गप्पांसारखं सपाट पडतं. फ्रेंचमध्ये त्याचा सपाटपणा हेच शस्त्र आहे, हे ऐकू येतं.

ऑस्करच्या बाबतीत फ्रेंच आणि मराठी आणखी जवळ येतात. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत आपल्याला एक मात्रा निवडावीच लागते. फ्रेंचलाही विशेषणांत आणि भूतकाळी धातुरूपांत निवड करावी लागते. ऑस्कर बाई आहे हे दरबारात गुपित नाही, पण ती वाढली पुरुषासारखी, हुकूम सोडते पुरुषासारखे. मग ‘एकटा’ की ‘एकटी’, ‘जन्मलो’ की ‘जन्मले’? गंमत अशी की ‘सल’ आणि ‘ने’ ही रूपं उच्चारात दोन्ही लिंगांना सारखीच, फरक फक्त लिहिण्यात, एका न बोललेल्या ‘e’ अक्षराने. कार्टूनच्या डबिंगला हा प्रश्न टाळता येतो. छापील संवादाच्या फुग्याला येत नाही. म्हणून ऑस्करच्या प्रत्येक फुग्यात शब्दांच्या शेपट्या बघत वाचा. (‘तयार’ या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप ‘प्रेत’ असं उच्चारतात. बास्तीच्या, म्हणजे बॅस्टिलच्या, वाटेवर हा शब्द आला की मराठी कानाला उगाच अपशकुन होतो.)

नावाचंही तसंच. मूळ जपानी नावातला ‘बारा’ म्हणजे गुलाब; तो एक की अनेक, हे त्या शब्दावरून कळत नाही. आपल्या ‘गुलाब’चंही तेच, पण ‘चा’ की ‘चे’ लिहिताना पकडले जातो. फ्रेंचने ‘ला’ लावून एकवचन ठरवून टाकलं. मग तो एक गुलाब कोण? पहिल्या खंडात राणी, दुसऱ्यात नक्कीच ऑस्कर. ही पदोन्नती नीट पाहण्यासारखी आहे. इकेदा यांनी स्टेफान त्स्वाइगच्या राणीवरच्या चरित्रातून स्फूर्ती घेतली होती, कथा राणीची व्हायची होती. ऑस्करने ती भरदिवसा पळवली.

आता अडचणी, कारण त्या आहेत.

पहिली अडचण फुग्यांची. जपानी मजकूर उभा, म्हणून फुगे उंच आणि अरुंद. फ्रेंच आडवी, शब्द लांब. त्यामुळे टाइप बारीक होतो आणि शब्द जोडरेघेने तुटतात. ‘ओझुर्द्वी’सारखा शब्द दोन ओळींत विभागला की डोळा अडखळतो. त्यात कॉमिकच्या रिवाजाप्रमाणे सगळी अक्षरं मोठ्या लिपीत, आणि मोठ्या अक्षरांवरचे स्वरचिन्हांचे फटकारे बारीक छपाईत निसटतात. ‘पाप’ आणि ‘मासेमारी’ यांत फरक फक्त त्या फटकाऱ्यांचा. ‘किंवा’ आणि ‘कुठे’ यांतही तोच. संदर्भाने नव्वद टक्के उलगडतं. उरलेल्या ठिकाणी क्रियापद बघा, नामावर अडून राहू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करू पाहाल तर याच दोन कारणांनी तो तोंडावर पडतो: तुटलेले शब्द त्याला जोडता येत नाहीत आणि फटकारे दिसत नाहीत.

फुग्याबाहेर, फुलांवर तरंगणारा मजकूर म्हणजे मनातलं बोलणं. चेहरा अर्धाच, मागे चौकट नाही, ओळी तुटक, शेवटी तीन टिंबं. अशा पानावर आधी चित्र पूर्ण बघा, मग उजवीकडून डावीकडे, वरून खाली या. पूर्ण उंचीची आकृती तीन चौकटींवरून उभी पसरली असेल तर ती वाचनक्रमात धरायची नाही, ती नुसती उभी असते, नाटकातल्या प्रवेशासारखी.

दुसरी अडचण काळाची. संवाद वर्तमानात आणि रोजच्या भूतकाळात चालतात, ते बी-वनच्या खालची एटू पातळी झालेल्यालाही जमतात. पण निवेदनाच्या पट्ट्यांमध्ये पासे सँप्ल हा लिखित भूतकाळ भेटतो, जो वर्गात उशिरा शिकवतात आणि मुलं परीक्षेपुरता पाठ करतात. सगळी कोष्टकं घोकायची गरज नाही. तृतीयपुरुषी रूपंच लागतात, आणि तीही डझनभर: ‘फ्यु’, ‘यु’, ‘फि’, ‘व्हिँ’, ‘प्रि’, ‘व्ही’, ‘दि’, ‘मि’, ‘प्यु’, ‘व्हुल्यु’, ‘नाकी’, ‘मुर्यु’. शेवटची दोन म्हणजे ‘जन्मला’ आणि ‘वारला’. कथा सुरूच तीन जन्मांनी होते, राणी, फर्सन आणि ऑस्कर, तिघेही १७५५ चे. म्हणजे ‘नाकी’ लवकर पाठ होतं. ‘मुर्यु’ दुसरा खंड पाठ करून घेतो.

तिसरी अडचण ओळखीच्या शब्दांची. ‘दोफँ’ शोधलात तर शब्दकोश डॉल्फिन दाखवतो. इथे तो युवराज. ‘मेत्रेस’ म्हणजे प्राथमिक शाळेतली बाई असं शिकलो असतो. इथे राजाची रखेली. ‘ओतेल’ म्हणजे सरदाराचा शहरातला वाडा. ‘आफेर’ म्हणजे धंदा नव्हे, प्रकरण; हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण असं वाचायचं. ‘कुर’ दरबारही आणि अंगणही. आणि तो हार लाटणाऱ्या जान द ला मोतच्या खांद्यावर डागलेला ‘व्ही’ हा विजयाचा नाही, ‘व्होलझ’ म्हणजे चोरटीचा. इंग्रजीत या अक्षरासाठी तळटीप द्यावी लागते.

वाचायची पद्धत अशी ठेवावी: एका बैठकीला एकच भाग, वीसेक पानं. पहिल्या फेरीत शब्दकोश बंद. दुसऱ्या फेरीत पानाला जास्तीत जास्त तीन शब्द शोधायचे, त्यातलं एक क्रियापद हवंच. आवाजांचे शब्द, ‘व्लाँ’, ‘पाफ’ वगैरे, शोधू नका. दार आपटलं हे दिसतंच आहे. बी-वनच्या वाचकाला सुरुवातीला भागाला तास लागला तर तो स्वतःला मठ्ठ समजू नये. हार प्रकरणापर्यंत वेग दुप्पट होतो, कारण दरबारी शब्दांचा साठा तोच तोच फिरतो.

पुस्तक उघडायचीही पद्धत आहे. एवढ्या जाड खंडाच्या बांधणीला मध्यातून एकदम सपाट केलं तर पाठीला चीर पडते आणि पुढे पानं सुटी होतात. नवा खंड टेबलावर पाठीवर उभा धरा, दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मग आलटून पालटून इकडची वीस आणि तिकडची वीस पानं बोटाने दाबत मध्यापर्यंत या. पाठ मऊ झाली की शिवणीकडच्या समासात शिरलेले शब्दही दिसू लागतात. पडून वाचायचा हट्ट सोडा. झोप लागली तर हजार पानं नाकावर येतात.

विकत घेताना लक्षात ठेवा, फ्रान्समध्ये १९८१ च्या लांग कायद्याने नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदाराला पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही. म्हणजे दहा दुकानं फिरून भाव पाडण्यात अर्थ नाही. स्वस्तात हवं तर वापरलेलं घ्या. पॅरिसला सां-मिशेल बुलव्हारवरच्या जिबेरमध्ये नवी-जुनी पुस्तकं एकाच फळीवर लागतात. जुना खंड हातात घेतला की आधी पाठ बघा, मग मधली पानं हलवून बघा. पहिला आणि दुसरा असे दोन्ही मिळत असतील तरच घ्या, एकटा पहिला स्वस्त मिळाला म्हणून घेतलात तर दुसऱ्यासाठी तडफडाल. शोधताना ‘लेडी ऑस्कर’ हेही नाव टाका, कारण १९८६ मध्ये कार्टून मालिका त्या नावाने फ्रेंच टीव्हीवर आली आणि त्या पिढीच्या तोंडी तेच बसलं. भारतात मागवताना पुस्तकापेक्षा टपालाचा विचार आधी करा. मुंबई-पुण्यात अलियाँस फ्राँसेझच्या ग्रंथालयात आधी चौकशी केलेली बरी.

तिसरा खंडही आहे, मुख्य कथेबाहेरच्या गोष्टींचा. त्यात ऑस्करची चुणचुणीत भाची लुलू रहस्यं सोडवत फिरते. भाषा सोपी, सूर हलका. संग्रहासाठी ठीक, नाही घेतला तर काही अडत नाही.

चित्रांबद्दल एक तक्रार आणि तिची भरपाई. सुरुवात केली तेव्हा इकेदा २४ वर्षांच्या होत्या, आणि पहिले काही भाग तसे दिसतात: गोबरे गाल, अवेळी विनोद, गंभीर प्रसंगात मध्येच बाहुलीसारखी तोंडं. मग हात बसत जातो. चेहरे लांबतात, केसांच्या रेषा बारीक होतात, काळा रंग धीटपणे येतो. एकाच खंडात हजार पानं असल्याचा हा फायदा, बोटाने पानं फडफडवली तरी चित्रकार मोठी होताना दिसते.

इतिहास किती खरा? बराच, आणि जिथे खोटा आहे तिथे बिनधास्त. जार्जे नावाचा अधिकारी खरोखर होता आणि १७९३ मध्ये राणीला कैदेतून सोडवण्याच्या कटातही होता. पण त्याचा जन्म १७४५ चा, म्हणजे ‘सहाव्या मुली’पेक्षा दहाच वर्षांनी मोठा. ऑस्करचा झळाळता गणवेश नेपोलियनच्या काळातला वाटतो, सोळाव्या लुईच्या नाही. रोझाली लामोर्लिएर मात्र खरी. कोंसिएर्जरीच्या तुरुंगात राणीची शेवटची सेवा तिने केली. फ्रेंच गार्ड्सनी १४ जुलैला बास्तीवर तोफा आणल्या हेही खरं, फक्त त्यांच्या पुढे सोनेरी केसांची बाई नव्हती. मूळ जपानीत दाईचं नाव मारों ग्लासे मोंब्लाँ आहे, म्हणजे साखरेत घोळवलेलं चेस्टनट आणि वर दुसरी मिठाई. आपल्याकडच्या ऐतिहासिक नाटकात दासीचं नाव ‘बासुंदी श्रीखंडे’ ठेवण्यासारखं. फ्रेंच वाचक इथे हसतो, तुम्हीही हसा.

हे सगळं असूनही फ्रान्सने इकेदाबाईंना २००९ मध्ये लेजिओं दोनर हा सन्मान दिला. जपानमध्ये १९७४ पासून ताकाराझुका या फक्त स्त्रियांच्या नाटकमंडळीने ऑस्करला रंगमंचावर नेलं, आणि पुरुषी ऐटीत उभी राहणारी ती नटी बघायला बायकाच गर्दी करत आल्या. बालगंधर्वांचा शालू बघून साडी नेसायला शिकलेल्या आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं.

दुसऱ्या खंडात आंद्रे १३ जुलैला जातो, ऑस्कर दुसऱ्या दिवशी, आणि पुष्कळजण तिथेच पुस्तक मिटतात. मिटू नका, पण पुढच्या पानांकडून अपेक्षा बदला. आता रडणारे फुगे कमी आणि निवेदनाच्या पट्ट्या जास्त, चार वर्षांचा इतिहास भराभर उरकलेला, पासे सँप्लची गर्दी. म्हणजे मन थकलेलं असतानाच भाषा सर्वांत अवघड होते. इथे बैठकीला दहाच पानं घ्या आणि तारखा कागदावर उतरवत जा. २० जून १७९१, राजकुटुंब पॅरिसमधून पळतं, घोडागाडीवर फर्सन. १६ ऑक्टोबर १७९३, गिलोटिन. मग स्टॉकहोम, आणि जमावाने ठेचून मारलेला फर्सन: तारीख पुन्हा २० जून, साल १८१०.